आरोग्याचा पैसा: तरतूद किती, खर्च किती, पोचला किती

सार्वजनिक आरोग्यावरचा सरकारी खर्च, आणि त्यासाठी केंद्राकडून राज्याला व राज्याकडून जिल्ह्याला मिळणारा निधी, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. पत्रलेखकांची नावे न देता गाव आणि काम एवढेच दिले आहे.

प्रश्न: दर मार्चमध्ये बातमी येते की आरोग्याची तरतूद वाढली. ती खरेच वाढली का, हे घरी बसून कसे तपासायचे? (प्राध्यापक, नाशिक)

पहिली गोष्ट म्हणजे तरतूद आणि खर्च यांत गल्लत करू नका. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात एकाच ओळीत चार आकडे असतात. २०२५-२६चे पुस्तक उघडले तर २०२३-२४चा प्रत्यक्ष खर्च, २०२४-२५चा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि २०२५-२६चा अर्थसंकल्पीय अंदाज. बातमी बहुधा शेवटच्या आकड्याची होते आणि तुलना मागच्या वर्षाच्या सुधारित अंदाजाशी केली जाते. त्यातून काहीच सिद्ध होत नाही. तुलना प्रत्यक्ष खर्चाची प्रत्यक्ष खर्चाशीच करायची. म्हणजे तुमचे उत्तर दोन वर्षे जुने असेल. ते चालेल, खरे तरी असेल.

दुसरी पायरी लेखाशीर्षांची, म्हणजे खर्च ज्या सांकेतिक क्रमांकांखाली नोंदला जातो त्यांची. आरोग्याचा खर्च चार मुख्य शीर्षांत असतो: २२१० वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य, २२११ कुटुंब कल्याण, आणि भांडवली खर्चासाठी ४२१० व ४२११. ही शीर्षे फक्त सार्वजनिक आरोग्य विभागाच्या मागणीत, म्हणजे अर्थसंकल्पातल्या त्या विभागाच्या भागात, शोधू नका. वैद्यकीय शिक्षण विभागाकडे शासकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालये आहेत, आणि त्यांचा खर्चही २२१०मध्येच पण वेगळ्या मागणीखाली येतो. आदिवासी क्षेत्र उपयोजनेचा खर्च ७९६ या गौण शीर्षाखाली सापडतो, अनुसूचित जातींसाठीचा ७८९खाली. एकाच विभागाचे पुस्तक पाहून निष्कर्ष काढणाऱ्यांचा हिशेब इथेच चुकतो.

२२१०च्या आतही पाहा. उपमुख्य शीर्ष ०१ म्हणजे शहरी आरोग्य सेवा, ०३ म्हणजे ग्रामीण, ०५ वैद्यकीय शिक्षण आणि ०६ सार्वजनिक आरोग्य, ज्यात साथरोग नियंत्रण येते. ग्रामीणमध्ये गौण शीर्ष १०१ म्हणजे उपकेंद्रे, १०३ म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रे, १०४ म्हणजे सामूहिक आरोग्य केंद्रे, ज्यांना आपण ग्रामीण रुग्णालये म्हणतो. वाढ ०५मध्ये झाली की १०३मध्ये, हे पाहिल्याशिवाय 'आरोग्यावरचा खर्च वाढला' या वाक्याला अर्थ नाही. नवे वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झाले की एकूण आकडा झपकन वर जातो आणि त्याच वर्षी आरोग्य केंद्रांचा औषधांचा खर्च घटलेला असू शकतो. तो पाहण्यासाठी सर्वांत खालच्या पातळीचे, म्हणजे पैसा नेमका कशावर गेला ते सांगणाऱ्या 'उद्दिष्टां'चे आकडे घ्या: ०१ वेतन, १० कंत्राटी सेवा, २१ पुरवठा व सामग्री, ५२ यंत्रसामग्री, ५३ मोठी बांधकामे. औषधे २१मध्ये येतात. वेतन वाढत असताना २१ जागेवरच असेल, तर डॉक्टर आहे आणि गोळी नाही, अशी स्थिती होते. जिल्हा परिषदेमार्फत होणारा खर्च मात्र ३१ आणि ३६ या सहायक अनुदानांच्या उद्दिष्टांत एकगठ्ठा दिसतो. तिथे पुढचा तपशील जिल्हा परिषदेच्या लेख्यांतूनच मिळवावा लागतो.

तिसरी पायरी महागाई आणि लोकसंख्या. समजा पाच वर्षांत खर्च १००वरून १५४ झाला. चोपन्न टक्के वाढ! आता किमती वर्षाला ५ टक्क्यांनी वाढल्या असे धरा, पाच वर्षांत १.२७६ पट. लोकसंख्या वर्षाला १ टक्क्याने वाढली धरा, १.०५१ पट. दोन्हींचा गुणाकार १.३४१. १५४ला त्याने भागले की ११५ येतात. म्हणजे माणशी खरी वाढ पाच वर्षांत १५ टक्के, वर्षाला तीन टक्क्यांहूनही कमी.

आता एक सापळा, ज्यात अभ्यासकही अडकतात. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ला सुरू झाले, तेव्हापासून केंद्राचा निधी थेट राज्य आरोग्य सोसायटीच्या, म्हणजे अभियान राबवणाऱ्या संस्थेच्या, बँक खात्यात जायचा. तो राज्याच्या अर्थसंकल्पात दिसतच नव्हता. २०१४-१५पासून तो आधी राज्याच्या एकत्रित निधीत आणि कोषागारातून सोसायटीकडे जाऊ लागला. त्यामुळे २०१२-१३ आणि २०१५-१६ची तुलना केली की राज्याने आरोग्यावरचा खर्च एकदम वाढवला असे दिसते. त्या उडीतला मोठा भाग केवळ हिशेबाची वाट बदलल्याचा आहे. २०१४च्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे एका तक्त्यात घ्यायचे असतील तर जुन्या वर्षांत सोसायटीचा खर्च वेगळा मिळवून जोडा, नाहीतर तक्ता २०१४-१५पासूनच सुरू करा.

प्रश्न: राज्याने बजेटच्या ८ टक्के आरोग्यावर खर्च करावे म्हणतात. हा आकडा कुणी ठरवला आणि टक्केवारी कशाची? (निवृत्त लेखाधिकारी, सातारा)

२०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात तो आहे. राज्यांनी २०२०पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक खर्च आरोग्यावर न्यावा, आणि केंद्र व राज्ये मिळून २०२५पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्के गाठावेत, असे उद्दिष्ट होते. पंधराव्या वित्त आयोगाने तेच पुढे नेले आणि एकूण आरोग्य खर्चाचा दोन-तृतीयांश प्राथमिक सेवेवर असावा असे म्हटले. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार सरकारी आरोग्य खर्च २०१३-१४मध्ये उत्पादनाच्या १.१५ टक्के होता, तो २०२१-२२मध्ये १.८४ टक्के झाला. हे शेवटचे वर्ष करोनाचे होते, हे ध्यानात ठेवा.

टक्केवारी कशाची, हा तुमचा प्रश्न अचूक आहे. छेदात महसुली आणि भांडवली खर्च घ्या, कर्जाची परतफेड घेऊ नका. परतफेडीच्या वर्षी छेद फुगतो आणि आरोग्याचा वाटा विनाकारण घटतो. अंशात पाणीपुरवठा व स्वच्छता, म्हणजे मुख्य शीर्ष २२१५, मिळवून टक्केवारी फुगवण्याचा मोह टाळा. पाणी आरोग्याला आवश्यकच आहे, पण ८ टक्क्यांच्या उद्दिष्टात ते धरलेले नाही. या नीट पद्धतीने मोजले की महाराष्ट्र ८ टक्क्यांच्या बराच खाली दिसतो. एवढ्या सधन राज्यासाठी ही गोष्ट लाजिरवाणी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न: आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला वर्षाला किती पैसे येतात आणि ते कुठे अडतात? मी रुग्ण कल्याण समितीवर आहे, पण बैठकीत फक्त सह्या घेतल्या जातात. (ग्रामपंचायत सदस्य, अमरावती जिल्हा)

पगार, औषधे आणि बांधकाम यांचा पैसा तुमच्या समितीच्या हातात येत नाही. समितीच्या हातात येतो तो राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी त्याचे तीन भाग मिळून १,७५,००० रुपये होतात: अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी २५,०००, वार्षिक देखभाल ५०,००० आणि रुग्ण कल्याण समितीचे १,००,०००. ही कमाल मर्यादा समजा. रुग्णसंख्या आणि मागच्या वर्षीचा खर्च पाहून रक्कम कमी होऊ शकते. गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीसाठी वेगळे १०,००० रुपये असतात.

अडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली जागा वरच्या पातळीवर. अभियानाचा खर्च केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के असा वाटून घेतात. २०१५-१६च्या आधी हे प्रमाण ७५-२५ होते. २०२१पासून सगळा पैसा एकाच नोडल खात्यात ठेवण्याची पद्धत आली. केंद्राचा हप्ता आला की राज्याने तो ठरलेल्या मुदतीत आपल्या हिश्श्यासह त्या खात्यात भरायचा, आणि आधी मिळालेल्यातले ७५ टक्के संपल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. राज्यभरातल्या काही जिल्ह्यांनी खर्च केला नाही तर ज्यांनी केला त्यांचाही हप्ता लांबतो. निधी जानेवारी-फेब्रुवारीत उतरतो आणि ३१ मार्चला वर्ष संपते.

दुसरी जागा तुमच्या केंद्रात. आता तुमच्या खात्यात प्रत्यक्ष शिल्लक नसते, खर्चाची मर्यादा असते. शिल्लक शून्य दिसली म्हणून 'पैसेच आले नाहीत' असे समजू नका. लेखापालाला मंजूर मर्यादा किती आणि त्यातली वापरली किती, असे विचारा. दुरुस्ती करणारा गवंडी किंवा प्लंबर केंद्र सरकारच्या संगणकप्रणालीत विक्रेता म्हणून नोंदलेला नसेल तर त्याला पैसे देता येत नाहीत. ही नोंदणी मार्चमध्ये करायला गेलात की मर्यादा वाया जाते, म्हणून ती एप्रिल-मे महिन्यांतच करून ठेवा.

तिसरी जागा गाव समितीची. निवडणुकीनंतर सरपंच बदलतो, बँकेत सहीचा नमुना जुनाच राहतो आणि दहा हजारांचे खाते वर्षभर बंद पडते. नव्या सदस्यांच्या पहिल्या ग्रामसभेतच ठराव करून तो बँकेत द्या.

बैठकीत काय मागायचे? चार कागद: यंदाच्या मंजूर रकमेचे पत्र, आतापर्यंतच्या खर्चाची देयकनिहाय यादी, मागच्या वर्षीचे उपयोगिता प्रमाणपत्र, आणि ई-औषधी प्रणालीतला त्या दिवसाचा साठा. साठ्याच्या यादीतून फक्त दहा औषधे निवडा: पॅरासिटामॉल, ओआरएस, लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, ॲमॉक्सिसिलिन, मेटफॉर्मिन, ॲम्लोडिपिन, ऑक्सिटोसिन, सर्पदंशाची लस, कुत्रा चावल्यावरची लस, झिंक. प्रत्येकासमोर शिल्लक आणि आठवड्याला लागणारे प्रमाण लिहा. भागाकार केला की किती आठवडे पुरेल ते कळते. चार आठवड्यांच्या खाली असलेले प्रत्येक नाव इतिवृत्तात लिहून घ्या. कागदावर आले की त्याचे उत्तर द्यावे लागते. बैठकीत तोंडी बोललेल्याचे द्यावे लागत नाही.

कागद दिले नाहीत तर माहितीचा अधिकार आहेच. अर्जाला १० रुपये शुल्क, मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांपर्यंत मजकूर, म्हणून निधी आणि औषधे यांचे दोन वेगळे अर्ज करा. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, त्यामुळे अर्ज जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय राज्याचे, तिथला अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. चुकीच्या कार्यालयाला पाठवलेला अर्ज फिरत राहतो.

प्रश्न: महाराष्ट्र केंद्राला एवढा कर मिळवून देतो, परत मात्र सहा टक्के मिळतात. हा अन्याय नाही का? (उद्योजक, पुणे)

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६साठी केंद्रीय करांच्या विभाज्य, म्हणजे राज्यांबरोबर वाटून घ्यायच्या, रकमेतले ४१ टक्के राज्यांना दिले, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के ठरला. आधीच्या, चौदाव्या आयोगात तो ५.५२१ होता, म्हणजे वाढला. २०११च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येत महाराष्ट्र ९.३ टक्के. माणशी समान वाटप झाले असते तर तेवढा मिळाला असता; मिळाला त्याच्या दोन-तृतीयांशाहून थोडा अधिक. बिहारची लोकसंख्या ८.६ टक्के आणि वाटा १०.०५८.

यामागचे सूत्र असे: उत्पन्नातील अंतराला ४५ टक्के भार, लोकसंख्येला १५, क्षेत्रफळाला १५, लोकसंख्या नियंत्रणातल्या कामगिरीला १२.५, वने व पर्यावरणाला १०, कर वसुलीच्या प्रयत्नाला २.५. जे राज्य सर्वाधिक उत्पन्नाच्या राज्यापासून जितके दूर, त्याला तितके अधिक. हे तत्त्व आम्हाला मान्य आहे. बिहारमधल्या बाळंतिणीचा हक्क पुण्यातल्या बाळंतिणीपेक्षा कमी नाही, आणि तिच्या राज्याकडे कर गोळा करण्याजोगी उलाढाल कमी आहे. शिवाय 'महाराष्ट्र मिळवून देतो' या आकड्यात मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपन्यांचा सगळा आयकर मोजला जातो. त्यांचा धंदा देशभर चालतो.

तक्रारीला खरी जागा दुसरीकडे आहे. उपकर आणि अधिभार विभाज्य रकमेत येत नाहीत. आयकरावरचा ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर २०१८पासून आहे, त्याचा एक पैसाही वाटपाच्या सूत्रातून राज्यांकडे येत नाही. तो केंद्राच्या योजनांमधून, केंद्राच्या अटींवर येतो. रुग्णालये चालवायची राज्यांनी, कारण राज्यघटनेनुसार सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय, आणि आरोग्याच्या नावाने गोळा केलेला कर मात्र वाटणीबाहेर. आवाज उठवायचा तर यावर उठवावा. सोळाव्या आयोगाचा, अरविंद पानगढिया अध्यक्ष असलेल्या आयोगाचा, कालखंड २०२६-२७ ते २०३०-३१ आहे. त्याच्या सूत्रातही भारांबरोबर विभाज्य रकमेचा आकार आधी पाहा.

प्रश्न: विदर्भ-मराठवाड्याचा आरोग्याचा अनुशेष कसा मोजला गेला? आणि माणशी समान निधी दिला तर प्रश्न सुटेल का? (पत्रकार, चंद्रपूर)

वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४मध्ये अहवाल दिला. रस्ते, सिंचन, शिक्षण, पाणीपुरवठा यांसारख्या नऊ क्षेत्रांत आरोग्यसेवा हे एक होते. प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची, जो जिल्हा तिच्याखाली त्याची तूट मोजायची आणि ती भरून काढायला लागणारा पैसा म्हणजे अनुशेष. एकूण आकडा आला सुमारे ३,१८७ कोटी रुपये, त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के. पुढे घटनेच्या कलम ३७१(२)खाली १९९४मध्ये तीन विकास मंडळे झाली, आणि निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४च्या पातळीवर अनुशेष सुमारे १४ हजार कोटींचा काढला. राज्यपालांचे निधीवाटपाचे निर्देश २००१पासून सुरू झाले. प्रादेशिक समतोलावरच्या विजय केळकर समितीचा अहवाल २०१३चा. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२०ला संपली.

या पद्धतीत आरोग्याच्या दृष्टीने दोन उणिवा होत्या. एक, मोजमाप मुख्यतः सोयींचे झाले. इमारत बांधली की अनुशेष भरला, मग आत डॉक्टर असो वा नसो. आजही गडचिरोली, नंदुरबार, मेळघाटात जास्त तूट भरलेल्या पदांची आहे. दोन, राज्याच्या सरासरीला लक्ष्य मानले. विरळ वस्तीच्या जिल्ह्याला सरासरी पुरत नाही, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे.

हिशेब करून पाहू. निकष असा आहे की मैदानी भागात ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र. आदिवासी व डोंगराळ भागात २०,००० आणि ३,०००. गडचिरोलीची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत १०,७२,९४२, क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, घनता ७४. कोल्हापूरची लोकसंख्या ३८,७६,००१, क्षेत्रफळ ७,६८५, घनता ५०४.

कोल्हापुरात ३०,००० लोक साधारण ६० चौरस किलोमीटरमध्ये राहतात. केंद्र मधोमध आहे असे धरले तर सर्वांत दूरचा माणूस सरळ रेषेत साडेचार किलोमीटरवर. गडचिरोलीला आदिवासी निकषाची पूर्ण सवलत द्या, २०,००० लोक घ्या; ते २७० चौरस किलोमीटरमध्ये पसरलेले आहेत. सर्वांत दूरचा माणूस नऊ किलोमीटरहून अधिक अंतरावर, तेही सरळ रेषेत. वाटेत नाला, जंगल, पावसाळ्यात वाहून गेलेली मोरी. म्हणजे माणशी दीडपट केंद्रे दिली तरी अंतर दुप्पट उरते. उपकेंद्राचेही तेच: गडचिरोलीत आरोग्यसेविकेचा टापू ४० चौरस किलोमीटर, कोल्हापुरात १०. दोघींचा फिरती भत्ता सारखाच धरून तरतूद केली, तर गडचिरोलीतल्या सेविकेच्या गृहभेटी कमी होणारच. तो दोष तिच्या माथी मारू नये.

कोल्हापूरइतके जवळ केंद्र द्यायचे तर गडचिरोलीत निकषाने येणाऱ्या ५४ केंद्रांऐवजी सुमारे २४० लागतील, म्हणजे साडेचार हजार लोकांमागे एक. तेवढे डॉक्टर मिळणार नाहीत आणि मिळाले तरी दिवसाला मोजकेच रुग्ण येतील. म्हणून अशा जिल्ह्यात पैसा इमारतींऐवजी अंतर कापण्यावर घालावा लागतो: रुग्णवाहिका आणि तिचे डिझेल, फिरते वैद्यकीय पथक, प्रसूतीची तारीख जवळ आलेल्या बाईला आधीच मुक्कामाला आणणारे माहेरघर, सेविकेचे निवासस्थान, आणि दुर्गम भागात राहणाऱ्या डॉक्टरला जादा भत्ता. जिल्ह्याच्या आराखड्याचे मूल्यमापन करताना या पाच बाबींवर माणशी किती आणि चौरस किलोमीटरमागे किती, असे दोन्ही आकडे काढा. फक्त पहिला काढला तर गडचिरोली नेहमी 'जास्त निधी मिळालेला जिल्हा' दिसेल.

मुंबईचा हिशेब वेगळा लावावा लागतो. मुंबई महापालिकेच्या २०२५-२६च्या ७४,४२७ कोटींच्या अर्थसंकल्पात आरोग्यासाठी सुमारे ७,३८० कोटी आहेत. हा पैसा महापालिकेचा स्वतःचा, राज्याच्या २२१०मध्ये तो दिसत नाही. पण केईएम किंवा सायनच्या वॉर्डात राज्यभरचे रुग्ण असतात. राज्याच्या आकड्यांवरून विभागवार तुलना करताना मुंबई वगळा किंवा तिचा खर्च मिळवून घ्या, आणि काय केले ते तळटीपेत सांगा.

प्रश्न: अनुदान आले की राज्य स्वतःचा खर्च कमी करते असे ऐकतो. हे पकडायचे कसे? (स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

सूत्र सोपे आहे. एकूण आरोग्य खर्चातून अभियानाचा केंद्रीय हिस्सा आणि वित्त आयोगाचे आरोग्य अनुदान वजा करा. उरतो तो राज्याचा स्वतःचा खर्च. तो महागाई वगळून, माणशी, अनुदान सुरू होण्याआधी तीन वर्षे आणि नंतर तीन वर्षे असा मांडा. अनुदान वाढले आणि स्वतःचा खर्च घसरला किंवा थबकला, तर अनुदानाने जुन्या खर्चाची जागा घेतली. करोनाची वर्षे मध्ये आली तर ती वेगळ्या रंगात दाखवा, कारण तेव्हाचा खर्च नेहमीचा नव्हता.

हा धोका आयोगांना ठाऊक आहे. सी. रंगराजन यांच्या बाराव्या आयोगाने २००५-१०साठी आरोग्यात मागे असलेल्या सात राज्यांना ५,८८७ कोटींचे खास अनुदान दिले, तेव्हा ते नेहमीच्या खर्चावर जादा असावे अशी अट घातली. पंधराव्या आयोगाने दुसरा रस्ता घेतला: ७०,०५१ कोटींचे आरोग्य अनुदान स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत, आणि कामेही ठरवून दिली. इमारत नसलेली उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे बांधणे, तालुका पातळीवर सार्वजनिक आरोग्य घटक, प्राथमिक केंद्रांत तपासण्यांची सोय, शहरी आरोग्य केंद्रे. हेतू चांगला होता. अडचण अशी की बांधलेल्या केंद्रातल्या कर्मचाऱ्यांचा पगार अनुदान संपल्यावर कोण देणार, हे राज्याच्या पदमंजुरीवर अवलंबून राहते. तपासताना प्रत्येक नव्या इमारतीसमोर पदनिर्मितीचा शासन निर्णय आहे का, ते पाहा. नसेल तर ती इमारत कुलूप लावून राहण्याची शक्यता मोठी.

उपयोगिता प्रमाणपत्रावर विसंबू नका. बांधकाम यंत्रणेकडे रक्कम वर्ग केली की ती कागदावर 'खर्च' होते, पाया खोदलेला नसला तरी. म्हणून तीन तारखा मागा: रक्कम वर्ग केल्याची, कार्यारंभ आदेशाची आणि इमारतीचा ताबा घेतल्याची. मार्चमधल्या खर्चाचे वर्षाच्या खर्चाशी प्रमाणही काढा. केंद्राने आपल्या विभागांना मार्चमध्ये १५ टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे. राज्यातल्या विभागाचे प्रमाण पाहायलाही तोच मापदंड लावता येतो. राज्याच्या अर्थसंकल्पाच्या बीम्स या संगणकप्रणालीवर विभागनिहाय वितरित निधी आणि खर्च दिसतो, तो दर महिन्याच्या अखेरीस टिपून ठेवला की हे प्रमाण आपोआप हाती येते.

प्रश्न: महात्मा जोतिराव फुले योजनेत आता पाच लाखांचे संरक्षण आहे. मग सरकारी रुग्णालयांवर खर्च कशाला? (शेतकरी, धाराशिव जिल्हा)

योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन होणाऱ्या उपचारांसाठी आहे. मधुमेह, रक्तदाब, ताप, खोकला यांसाठी दर महिन्याला बाहेरून घेतलेली औषधे तीत येत नाहीत, आणि घरच्या खिशातून जाणाऱ्या पैशाचा मोठा भाग तोच असतो. देशात एकूण आरोग्य खर्चातला खिशातून होणारा वाटा २०१३-१४मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२मध्ये तो ३९.४ झाला. त्यापुढची घट हवी असेल तर प्राथमिक केंद्रात औषध नियमित मिळाले पाहिजे. राज्याने १५ ऑगस्ट २०२३पासून आपल्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क केले, पण केसपेपर फुकट मिळाला आणि औषध बाहेरून लिहून दिले तर त्याचा उपयोग अर्धाच. योजनेचा तुमच्या जिल्ह्यातला हिशेब पाहायचा असेल तर अंगीकृत रुग्णालये किती तालुक्यांत आहेत आणि दाव्यांची किती रक्कम जिल्ह्याबाहेर गेली, हे दोन आकडे मागा.

प्रश्न: इथे आरोग्याचा पैसा केंद्राकडून प्रांतांना कसा जातो, त्यातून आपण काही घ्यावे का? (वाचक, टोरंटो)

कॅनडाचे केंद्रीय आरोग्य अनुदान २०१४-१५पासून माणशी समान रकमेने वाटले जाते. गरीब प्रांतांची तूट भरण्यासाठी वेगळे समानीकरण अनुदान आहे, त्याचे तत्त्व १९८२च्या घटनेतच नमूद आहे. आरोग्य अनुदानाच्या अटी १९८४च्या कायद्यात पाच तत्त्वांच्या रूपाने आहेत. रुग्णाकडून जादा पैसे घेऊ दिले तर तेवढी रक्कम प्रांताच्या अनुदानातून कापली जाते. घ्यावी तर ही शेवटची गोष्ट घ्यावी. आपल्याकडे अट खर्चाच्या टक्केवारीवर आहे, ७५ टक्के संपवा म्हणजे पुढचा हप्ता. ती रुग्णाला काय मिळाले यावर असायला हवी: महिन्यात किती दिवस औषध नव्हते, किती बाळंतपणे केंद्रातच झाली, किती पदे भरलेली होती. हे आकडे जिल्ह्यांकडे दर महिन्याला जमा होतातच. माणशी समान वाटप मात्र घेऊ नये. गडचिरोलीचा वरचा हिशेब पाहावा.